डोंगर बंद, शेळ्या हजर

रंगुबाई भारा उचलते तेव्हा कुणाला हात लावू देत नाही. फडक्याची चुंबळ डोक्यावर ठेवायची, एक गुडघा टेकायचा, भारा मांडीवर घ्यायचा, मांडीवरून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर. मधेच कुणी मदतीचा हात घातला की तोल जातो आणि तोल गेला की मान जाते. मान गेलेल्या बाया तिनं पुष्कळ पाहिल्या. म्हणून बोरदऱ्यात कुणी "थांब मावशी, हात लावतो" म्हणालं की ती म्हणते, "लावायचा आसंल तर भाराच घी. निम्मा हात मला नगं."

बोरदरा खर्ड्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आहे. गाव लहान, डोंगर मोठा. या डोंगरावर सरकारनं जेवढी डोकी चालवली तेवढे दगडही तिथं नसतील. आणि जी जी कल्पना निघाली ती ती रंगुबाईच्या अंगावरून गेली.

बहात्तरच्या दुष्काळात ती परकर नेसणारी पोर होती, माहेरी, आईशेजारी बसून खडी फोडायची. तेव्हाच्या धोरणात माणसांना काम द्यायचं तर दगड फोडायला लावायचं, एवढंच होतं. खडीचे ढीग लागले. रस्ता मात्र पुढं दुसऱ्याच अंगानं गेला. त्यातला एक ढीग अजून आहे. त्यात साप राहतात. कुणाची तरी सोय झाली.

लग्न होऊन ती बोरदऱ्यात आली. नवरा छगन विहिरी खोदायचा, सुरुंग ठासायचा. त्याच्या छातीत दगडाची धूळ बसली ती बसलीच. रंगुबाई रोजगार हमीच्या कामावर जाऊ लागली. आधी ओढ्यात बांध घातले. मग नवे साहेब आले. ते म्हणाले, पाणी खाली अडवून उपयोग नाही, वर अडवा. मग डोंगराच्या अंगावर आडवे चर खणले. मुरूम कठीण. पहार मारली की हातात झिणझिण्या यायच्या. पुढच्या साहेबांना बायामाणसांचं काम सावकाश वाटलं, म्हणून त्यांनी यंत्र आणलं. यंत्रानं बायांनी खणलेले चर बुजवले आणि त्यांच्याच शेजारी नवे काढले. दर खेपेला पायथ्याचा फलक बदलला. पहार तीच राहिली, आणि ती कुठल्याच फलकावर नव्हती.

चर झाले तेव्हा गवत पेरलं आणि सभेत चराईबंदी ठरली. गवत धरेपर्यंत डोंगरावर जनावर न्यायचं नाही. रंगुबाईनं पहिला हात वर केला. "म्या खनलंय. माज्याच शेळीनं बांध उकरायचा व्हय?" असं ती म्हणाली होती. म्हणजे ती बंदीच्या विरुद्ध होती, असं कुणी म्हणू नये.

गवत धरलं. कमरेएवढं झालं. बाहेरगावचे लोक बघायला आले, गवतात उभं राहून फोटो काढून गेले. बंदी घालायला सभा भरली होती. उठवायला कुणी भरवली नाही. वर्षांमागून वर्षं गेली. गवत कापायला कुणी जाईना, कारण कापणं हे काम आहे आणि बघणं हे काम नाही. दर उन्हाळ्यात वणवा लागायचा आणि गवत राख व्हायचं. शेळीनं खाल्लं असतं तर गुन्हा होता. वणव्यानं खाल्लं की नैसर्गिक आपत्ती.

रंगुबाईचा संसार तोवर शेळ्यांवर आला होता. छगनला चार पावलं टाकली की दम लागायचा. शेती नव्हतीच. काळ्याभोर शेळ्यांचा एक कळप, त्यात पुढं चालणारी काळी नावाची शेळी, एवढंच घर. पूर्वी शेळ्या डोंगरावर चालायच्या आणि रंगुबाई झाडाखाली बसायची. बंदी आली तशा शेळ्या खुंट्याला बसल्या आणि रंगुबाई चालू लागली. लांब काठीला विळा बांधलेली आकडी घेऊन बांधाबांधानं फिरायचं, बाभळीचा, बोरीचा, सुबाभळीचा पाला ओढायचा, भारा करून डोक्यावर आणायचा. खात्याच्या भाषेत याला बंदिस्त शेळीपालन म्हणतात. बंदिस्त शेळी असते. पाय कुणाचे झिजतात ते त्या शब्दात कुठं दिसत नाही.

आणि नेमक्या याच वर्षांत दुसऱ्या खात्यानं गावात शेळ्या वाटल्या. डोंगराचं खातं शेळी हाकलत होतं, जनावरांचं खातं शेळी आणत होतं. दोघांची साहेबमंडळी एकाच टपरीवर चहा प्यायची. रंगुबाईनंही शेळ्या मागितल्या होत्या. साहेब म्हणाले, तुमच्याकडे आहेतच की. ज्यांनी जन्मात शेळी पाळली नव्हती त्यांना मिळाल्या. सरपंच कल्याणची बायको रतनबाई, तिची पाण्याखालची शेती, तिला मिळाल्या. बचत गटाची अध्यक्ष ज्ञानेश्वरी, रंगुबाईची शेजारीण, तिला मिळाल्या. आणखी काही घरांना मिळाल्या. शेळ्या लांबून टेम्पोतून उभ्या आल्या. काही पहिल्याच पावसाळ्यात मेल्या. बोकड जत्रेत शिजले. उरलेल्या खर्ड्याच्या बाजारात गेल्या. योजना यशस्वी झाली असं वर कळवलं गेलं.

मग यंदा गावानं आदर्श गावाच्या स्पर्धेत भाग घेतला.

शाळेच्या वऱ्हांड्यात सभा भरली. कल्याण उभा राहिला. माणूस वाईट नाही. ज्याचा फोन शेवटचा आला त्याचं ऐकणारा आहे.

"रंगुआत्या," तो म्हणाला, "गावाच्या नावाचा परश्न हाय. कमिटी येनार. शेरडं दिसली की मार्क कापत्यात."

"मग कमिटीला म्हनावं, डोळं झाक."

लोक हसले. कल्याणही हसला, पण हटला नाही. "हसन्यावारी नगं निऊ. बांधावरचा पाला वरबडायचा न्हाई, डोंगर तर बंदच हाय. येत्या बाजाराला शेळ्या काढून टाक. भाव बी बरा हाय."

"काढून टाकते. मंग म्या काय करू?"

"म्हाताऱ्या मान्सांसाठी लई योजना हायत की."

"शेळ्या बी योजनाच हुत्या की रं," रंगुबाई म्हणाली. "कुटं गेल्या त्या?"

वऱ्हांड्यात बसलेल्यांतल्या निम्म्यांनी ती योजना रश्श्यात पाहिली होती. रतनबाईनं पदर सारखा केला आणि ठरावाच्या बाजूनं हात वर केला. बाकीचे हात तिच्यामागनं गेले. येत्या बाजारापर्यंत शेळ्या काढायच्या, नाहीतर कोंडवाडा.

रंगुबाई घरी आली. रोजच्यासारखा पाला टांगला. शेळीला पाला टांगून द्यावा लागतो. भुईवर पडलेलं, पायाखाली आलेलं ती खात नाही. छगन बाजेवर बसला होता. त्यानं विचारलं, "काय ठरलं?"

"आपन सोडून समदं गाव आदर्श हुनार हाय," ती म्हणाली.

शेळ्या गेल्या तर दोघांनी काय खायचं, हे दोघंही बोलले नाहीत. बोलून पाला मिळत नाही.

बाजाराला चार-पाच दिवस होते तेव्हा कल्याण घरी आला. एरवी तो बांधावरूनच हाक मारायचा. या खेपेला चप्पल काढून आत आला. तेव्हाच रंगुबाईला कळलं की काम त्याचं आहे.

"आत्या, शेळ्या पायजेत."

"बाजार लांब हाय अजून."

"इकायला न्हवं. दावायला." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "जनावराच्या खात्याचा साहेब येतोय परवा. वाटलेल्या शेळ्या मोजनार, फोटू काढनार. ज्याच्याकडं न्हाईत त्याच्याकडनं समदं वसूल."

छगनला हसू आलं. हसता हसता ठसका लागला. रंगुबाईनं त्याला पाणी दिलं, पाठ चोळली, आणि सगळं होईपर्यंत कल्याणला उभा ठेवला.

"परवा शेरडं दिसली की मार्क कापत हुते," ती म्हणाली.

"ती कमिटी येगळी, ही येगळी."

"आन् गाव?"

"गाव तेच हाय. म्हनून तर आलो."

"दीन की शेळ्या. पर बाजाराला काढायचं पुन्यांदा नाव घ्यायचं न्हाई. कोंडवाडा न्हाई. शेळ्या माज्या दारात ऱ्हातील."

"शब्द दिला."

"कुनाचा?"

"माजा."

"तुजा कुनाला पायजे? रतनचा आन."

रतनबाई आली. उंबऱ्याबाहेरच थांबली. "दिला बाई शब्द. तुमच्या शेळ्यांना कुनी हात लावनार न्हाई," ती म्हणाली आणि लगेच कळपाकडं बघून बोट केलं, "मला ती काळी द्या. फोटूत भरलेली दिसंल."

काळी गाभण होती, म्हणून भरलेली होती. रतनबाईला तेही सांगावं लागलं.

छगन नंतर म्हणाला, "समद्या नगं दिऊस."

"घरं लई हायत," रंगुबाई म्हणाली. "एकाला दिली, एकाला न्हाई, मंग ज्याला न्हाई त्यो सभेत हात वर करनार."

हिशोब बरोबर होता. चूक दुसरीकडंच झाली.

साहेबांच्या दिवशी सकाळीच शेळ्या वाटल्या. या दारात दोन, त्या दारात तीन. सगळ्या काळ्याच, त्यामुळे कुणाची कुठली हे बाहेरच्याला कळायचं कारण नव्हतं. शिवाय पहिल्या घरातला साहेब दुसऱ्या घरी गेला की पहिल्या घरच्या शेळ्या मागच्या बोळानं तिसऱ्या घरी पळवायच्या, अशीही तजवीज होती. ज्या बाप्यांनी कधी शेणाला हात लावला नाही ते दोरी धरून बोळातनं पळत होते. गावानं एवढी मेहनत शेळ्या पाळायला घेतली असती तर पळवायची वेळ आली नसती.

साहेब तरुण होता, सभ्य होता, दमलेला होता. त्यानं विचारलं, "मागच्या शेळ्यांच्या कानात बिल्ले होते. ते कुठंयत?"

"झुडपात आडकून तुटलं," कल्याण म्हणाला.

"सगळ्यांचे?"

"झुडपं लई वाढल्यात साहेब. चराईबंदी हाय ना."

साहेबानं मान हलवली. हे वाक्य त्यानं आधीच्या गावातही ऐकलं असावं.

मोजणीचं शेवटचं घर रतनबाईचं. तिथं अंगणात काळी बांधली होती. रंगुबाई फाटकापाशी उभी होती. काळीनं तिला पाहिलं, दोरी ताणली आणि तोंड वर करून ओरडायला लागली. थांबेचना.

"या आजींना ओळखते वाटतं," साहेब म्हणाला.

"राखायला आसत्यात त्या आमच्याकडं," रतनबाई म्हणाली.

रंगुबाईनं ते गिळलं. एका दिवसाचा प्रश्न होता.

तोवर पळवलेल्या शेळ्या आपापल्या दारी परत गेल्या होत्या. मग साहेबाच्या माणसानं पिशवीतनं पक्कड काढली आणि पिवळे बिल्ले काढले.

"हे काय?" रंगुबाईनं विचारलं.

"नवा नियम आहे आजी. बिल्ल्याशिवाय जनावर विकता येत नाही, नेता येत नाही. नंबर फोनवर घातला की मालकाचं नाव दिसतं."

"मालकाचं?"

"लाभार्थ्याचं. इथं रतनबाईंचं."

हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कल्याणच्याही नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आजवर साहेब यायचे, मोजायचे, चहा घ्यायचे, जायचे. उधारीची शेळी दाखवायची रीत गावात जुनी होती. शेळीच्या कानाला कायमची मालकी टोचतील, असं धोरण या आधी कधी आलंच नव्हतं.

रंगुबाईला त्या क्षणी दोनच वाटा होत्या. ओरडून सांगायचं की शेळ्या माझ्या आहेत. मग सगळं गाव उघडं पडणार, आणि शेळ्या तिच्या ठरल्या की ठरावाप्रमाणं त्या बाजारात जाणार. किंवा गप्प बसायचं, आणि शेळ्या दुसऱ्यांच्या होऊ द्यायच्या. काळीनं तिच्याकडं बघितलं. पक्कड मिटली. कानातनं रक्ताचा थेंब आला. रंगुबाई गप्प बसली. जन्मात पहिल्यांदा, असं ज्ञानेश्वरी नंतर म्हणाली.

निघताना साहेबानं सगळ्या लाभार्थ्यांना एकत्र उभं केलं. "आता धोरण कडक झालंय," तो म्हणाला. "दर महिन्याला शेळीसोबत तुमचा फोटो फोनवर पाठवायचा. योजनेची मुदत संपेपर्यंत विकायची नाही. शेळी गायब झाली की वसुली तुमच्याकडून."

रंगुबाई संध्याकाळी दोऱ्या घेऊन शेळ्या आणायला गेली. पहिलं घर सरपंचाचं.

"आत्या, आता कसं करायचं," कल्याण फाटक न उघडता म्हणाला. "बिल्लं तर आमच्या नावाचं हायत."

"तू शब्द दिल्ता."

"तुज्या शेळ्यांना हात लावनार न्हाई म्हनून दिल्ता. ह्या आता तुज्या ऱ्हायल्यात कुटं?"

रतनबाई आत दाराआड होती. बांगड्या वाजत होत्या. बाहेर आली नाही.

"तू साहेब झालास रं कल्याणा," रंगुबाई म्हणाली. "शिकून झाला न्हाईस, पर झालास."

ज्ञानेश्वरी दारात उभी राहून रडकुंडीला आली होती. "मावशी, म्या देते, पर सासूबाई म्हनत्यात बिल्ल्याची शेळी दुसऱ्याच्या दारात दिसली तर वसुली लागंल." बाकीच्या घरांनी दारच उघडलं नाही. रंगुबाई रिकाम्या दोऱ्या खांद्यावर टाकून परत आली.

'मी सांगत होतो' असं म्हणायचा छगनला पुरता हक्क होता. तो म्हणाला नाही. बाजेवर सरकून त्यानं तिला जागा करून दिली. एवढं एक त्याचं बरं आहे.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला उठली. आकडी घेतली आणि परत ठेवली. आणायचा कुणासाठी? दावणीला नुसते खुंटे होते. बाया पाण्याला जाताना बघत गेल्या. रंगुबाई ओट्यावर बसून राहिली. मानेवर भारा नव्हता तरी मान दुखत होती.

गावात मात्र चळवळ सुरू झाली. रतनबाईनं उसाच्या वाढ्यांचा ढीग काळीपुढं टाकला. काळी त्यात उभी राहिली, त्यावर मुतली आणि मग खायची नाही म्हणून ओरडत बसली. रतनबाईनं चपाती दिली. काळीनं हुंगून सोडली. दुसऱ्या एका घरी शेळीला हिरवी ज्वारी चारली, तिचं पोट ढोलासारखं फुगलं, तेल पाजून जीव वाचवला. ज्ञानेश्वरीची सासू दोरी सैल बांधून आत गेली आणि शेळ्यांनी स्पर्धेसाठी रस्त्याच्या कडंनं लावलेली सगळी रोपं बुडख्यापर्यंत खाल्ली. आता रोपांचे मार्कही गेले.

विकता येत नव्हत्या. मारता येत नव्हत्या. पळवून लावता येत नव्हत्या. पाळता तर येतच नव्हत्या. पाल्याला डोंगर बंद, बांध बंद. बंद करणारे हेच. माणसांनी स्वतः घातलेला नियम स्वतःच्या अंगणात येऊन ओरडायला लागला की तो किती मोठ्यानं ओरडतो, हे बोरदऱ्याला आठवड्याच्या आत कळलं.

ज्ञानेश्वरी आधी आली. तीन शेळ्या ओढत.

"मावशी, घ्या ह्या."

"माज्या न्हाईत त्या. कान बघ."

"अर्धलीनं सांबाळा."

अर्धल ही तिकडची जुनी रीत. शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, करडं निम्मी निम्मी. पहिल्या वेताची सगळी करडं सांभाळणाऱ्याची, पुढच्या वेताची मालकाची, मग आळीपाळीनं. परक्याच्या शेळीला ही रीत. रंगुबाईला आपल्याच शेळ्या अर्धलीनं घ्यायची वेळ आली होती. तिला राग आला. पण शेळ्या तिच्या वासानं अंगाला घासायला लागल्या होत्या आणि एकीच्या बरगड्या दिसत होत्या.

"घेते," ती म्हणाली. "पर पाला तुमी आनायचा."

"आमी?"

"डोंगर बंद हाय. बांध बंद हाय. तुमीच हात वर केल्ता. ज्याची शेळी त्यानं पाला आनायचा. रोज. डोक्यावर. म्या फकस्त टांगनार."

"मावशी, मला भारा कुटं उचलतोय?"

"मला तरी जन्मल्यापास्नं उचलत हुता व्हय?"

ज्ञानेश्वरी कबूल झाली. बाकीची घरंही एकेक करून आली, कबूल झाली. दोनच दिवसांत दावणीला सगळ्या शेळ्या परत आल्या, एक सोडून. शेवटी रतनबाई आली. एका हातात काळीची दोरी, दुसऱ्या हातात पाल्याच्या चार फांद्या.

रंगुबाईनं फांद्या दोन बोटांनी उचलल्या. "ह्यो भारा न्हाई रतन, ह्यो गजरा हाय. डोक्यात माळून घी."

छगन बाजेवरनं म्हणाला, "शोभंल पर."

"काळी दोन जिवांची हाय," रंगुबाई म्हणाली. "दोन जिवांचा पाला आन. मंग दोरी घेते."

रतनबाई घरी गेली आणि तिनं कल्याणला पाठवलं. मोटारसायकल बांधावर जात नाही. सरपंचाला आकडी हातात धरून पाला ओढावा लागला. दोन दिवस तो चोरून, लोक जेवायला बसले की गेला. तिसऱ्या दिवशी उशीर झाला आणि भर गावातनं भारा घेऊन यावं लागलं. चुंबळ नीट बसली नव्हती. पारावरच्या कुणीतरी, चेष्टेनं असो की दयेनं, मागनं हात लावला. तोल गेला. भारा एका बाजूला पडला आणि कल्याणची मान दुसऱ्या बाजूला आखडली.

पुढच्या सभेत तो वाकड्या मानेनंच उभा राहिला. ग्रामसेवक, ज्याचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे आणि काम तेच आहे, ठराव वाचत होता. वणव्याचा धोका लक्षात घेता डोंगराचे भाग पाडून आळीपाळीनं चराईस परवानगी देण्यात येत आहे. वणवा दर वर्षी लागत होता. धोका यंदा लक्षात आला. शेळ्या बाजारात काढायचा जुना ठराव त्याच कागदात रद्द झाला. बिल्ल्यांच्या शेळ्या काढणार तरी कुठल्या बाजारात?

"पन सपर्धेचं काय?" कुणीतरी विचारलं.

"त्याची चौकशी केली मी," अधिकारी म्हणाला. "नव्या नियमात नियंत्रित चराईला उलट मार्क आहेत. गेल्या वर्षीच बदललंय ते. आपल्याकडं कुणी सांगितलं नाही."

म्हणजे ज्या मार्कांसाठी एका म्हातारीचं घर मोडायला निघाले होते ते मार्क कचेरीत आधीच उलटे झाले होते. सभेत कुणाला लाज वाटल्यासारखं दिसलं नाही. सगळ्यांनी हात वर केले. जे हात बंदीला वर झाले होते तेच. रंगुबाईनं या खेपेला हात वर केला नाही. ती शेळ्यांच्या वेळेला उठून गेली.

कल्याणनं डोंगराच्या पायथ्याला नारळ फोडला. नवा फलक लागला. ज्ञानेश्वरीचा जामखेडला उत्कृष्ट शेळीपालक म्हणून सत्कार झाला. भाषण करायची वेळ आली तेव्हा तिनं सांगितलं, पाला टांगून द्यावा. तेवढं तिला खरंच कळलं होतं.

रंगुबाई पुन्हा डोंगरावर जाऊ लागली. वर जायला आता तिला मधे दोनदा बसावं लागतं. आपण खणलेले चर कुठं होते ते तिला माहीत आहे. तिथं आता यंत्राच्या चरांची माती आहे आणि माती धरून बोरीची झुडपं उभी आहेत. शेळ्या तिथंच जास्त रमतात.

काळी तिथंच व्याली. रतनबाईला खालनं बातमी कळली आणि ती धापा टाकत वर आली. डोंगर तिनं फोटोतच पाहिला होता.

"काय झालं?"

"दोन. येक पाट, येक बोकड."

"मंग येक आमचं."

"पैलं वेत सांबाळनाराचं."

"पर काळी आमच्या नावावर हाय."

"काळी हाय," रंगुबाई म्हणाली. तिनं ओलं करडू उचललं आणि रतनबाईच्या तोंडापुढं धरलं. "ह्याच्या कानात काय हाय का बघ."

करडाच्या कानात काही नव्हतं. कान अजून नीट उभेही राहिले नव्हते. रतनबाईनं रीत मोडायची की नाही याचा जरा विचार केला. पण आज रीत मोडली तर उद्या शेळ्या दारात येणार, आणि पाल्याला पुन्हा कल्याणला पाठवावं लागणार.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

ऊन उतरलं. रंगुबाईनं रात्रीसाठी तोडलेला पाला बांधला. करडं ओटीत घेतली, त्यांनी पोटाला ओल आणली. खाली उतरायचं होतं आणि भारा पडलेलाच होता.

"द्या, हात लावते," रतनबाई म्हणाली.

"लावायचा आसंल तर भाराच घी."

रतनबाईनं भाऱ्याकडं बघितलं. कल्याणच्या वाकड्या मानेची तिला आठवण झाली असावी. ती दोन पावलं मागं सरली आणि मोकळ्या हातानं डोंगर उतरायला लागली.

रंगुबाईनं चुंबळ ठेवली आणि गुडघा टेकला.